दोन गावांचे ठराव



मार्च 1893 मध्ये पुण्यात फर्ग्युसन कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई लहानपणीच विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. बातमी कोकणात कर्व्यांच्या गावी, मुरुडला पोचली आणि गावानं ठरवलं, की कर्व्यांबरोबर एका बैठकीवर बसायचं नाही. त्यांना घरात घेईल त्या नातलगालाही वाळीत टाकायचं. विधवाविवाहाचा कायदा तर 1856 मध्येच झाला होता! लग्न कायदेशीर, पण सख्ख्या आईच्या घराचं दार बंद. पुढे 1958 मध्ये याच कर्व्यांना भारतरत्न मिळालं, तेही त्यांच्या हयातीत.

विधवांचा हा जाच सगळ्याच समाजांत सारखा नव्हता, हे आपण फार लवकर विसरतो. कितीतरी जातींत पाट लावायची, मोहतुराची, म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होती. पण वरच्यांसारखं वागलं की मान वाढतो, म्हणून काही घराण्यांनी ती चांगली चाल सोडून दिली. समाज नेहमी पुढेच जातो असं नाही, तो असा मागेही येतो.

आणि रूढी जाते तीही एकदम जात नाही. आधी केशवपन गेलं, मग विधवेनं नेसायचं लाल आलवण गेलं. विधवा मुली शिकल्या, शिक्षिका झाल्या, नर्स झाल्या, घर चालवू लागल्या. पण पतीच्या अंत्यविधीच्या वेळी बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं राहिलंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं हे सगळं बंद करण्याचा ठराव केला, तो 4 मे 2022 रोजी. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. मुरुडच्या त्या बैठकीनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी!

ठरावानं बांगड्या फोडणारा हात थांबतो. पण पुतण्याच्या लग्नात औक्षणाची वेळ आली, की विधवा काकू कोणी काही म्हणायच्या आधी आपणहून स्वयंपाकघरात जाते. तिला कोणी अडवलेलं नसतं. लहानपणापासून पाहिलेलं तिच्या अंगात मुरलेलं असतं, आणि मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच. तिथं ग्रामसभा पोचत नाही. तिथं नवऱ्या मुलाच्या आईनंच उठायला हवं, जावेला हाताला धरून बाहेर आणायला हवं आणि सगळ्यांच्या देखत पहिलं ताम्हन तिच्या हाती द्यायला हवं.