वादसभेचे यजमानपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या दिवशी बाहेरच्या कोणी विदुषींना पाचारण करण्याची आपली प्रथा. यंदा कार्यकारिणीने ते काम माझ्याच गळ्यात घातले, आणि त्याचे कारण आपणांस ठाऊक आहे. येत्या नगरपालिका निवडणुकीत उमेदवारांची वादसभा आपल्या सभागृहात भरवावी व ती गावातल्या केबलवर दाखवावी, अशी सूचना मंडळापुढे आली आहे. मागल्या खेपेस अशी सभा झाली, तेव्हा ती चालवली होती मी. म्हणून आधी माझा कबुलीजबाब देते आणि मग दूरदेशीची एक हकिकत सांगते.

सभेच्या आदल्या संध्याकाळी एका उमेदवाराकडून टाइप केलेले आठ प्रश्न आले. एवढेच विचारायचे, नाहीतर आम्ही यायचे नाही, असा निरोप. खुर्च्या मांडून झाल्या होत्या, केबलवर जाहिरात फिरत होती, चहावाल्याला सांगून झाले होते. मी मान तुकवली. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर ते आठही प्रश्न मी माझेच असल्यासारखे वाचले. उत्तरे अर्थातच झकास आली. चार दिवसांनी मंडईत गेले, तर भाजीवाली म्हणाली, "बाई, टीव्हीवर छान दिसलात. पण आमच्या आळीच्या नळाचं काही विचारलं नाहीत?" त्या आठांत नळ नव्हता. काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. मेथीचे पैसे देऊन निघून आले.

पुढे वाचता वाचता मला असे आढळले की, हाच पेच एकदा अमेरिकेत स्त्रियांच्याच एका संस्थेपुढे पडला होता, आणि तोही राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत. त्या संस्थेचे नाव 'लीग ऑफ विमेन व्होटर्स', म्हणजे मतदार स्त्रियांचा संघ. 1920 साली, तिथल्या स्त्रियांना देशभर मताधिकार मिळण्याच्या सुमारास, तो स्थापन झाला. मत तर मिळाले, आता ते विचार करून कसे द्यावे हे शिकू आणि शिकवू, हा त्याचा हेतू. संघ कोणत्याही उमेदवाराचा पुरस्कार करीत नाही.

टेलिव्हिजनवरची पहिली गाजलेली वादसभा 26 सप्टेंबर 1960 ची, केनेडी आणि निक्सन यांची. ती टीव्ही कंपन्यांनीच भरवली होती. त्यानंतर मात्र सोळा वर्षे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची अशी सभाच झाली नाही. एका उमेदवाराला पडद्यावर वेळ दिला, तर त्या पदाच्या साऱ्या उमेदवारांना तेवढाच द्यावा, असा तिथला कायदा. 1960 साली तो तेवढ्यापुरता बाजूला ठेवला होता. 1975 मध्ये वाट निघाली. सभा टीव्ही कंपनीने न भरवता तिसऱ्याच कोणी भरवली आणि टीव्हीने ती घडलेली बातमी म्हणून दाखवली, तर ते बंधन लागू नाही, असे सरकारी आयोगाने ठरवले. म्हणजे एक यजमान हवा झाला, आणि या बायका पुढे आल्या.

23 सप्टेंबर 1976 रोजी फिलाडेल्फियाच्या वॉलनट स्ट्रीट नाट्यगृहात फोर्ड आणि कार्टर समोरासमोर आले. सभा संपत आली असताना ध्वनियंत्रणा बिघडली व आवाज बंद पडला. तो सुरू व्हायला 27 मिनिटे लागली! तेवढा वेळ देशाचा राष्ट्राध्यक्ष आणि त्याचा प्रतिस्पर्धी आपापल्या मेजामागे जवळजवळ पुतळ्यांसारखे उभे, आणि कोट्यवधी माणसे त्यांच्याकडे पाहताहेत. मला तर वाटते, त्या सभेतला सर्वांत खरा भाग तोच असेल. लेखी काही हाताशी नसले की माणूस पडद्यावर कसा दिसतो, ते तेवढे दिसले.

या बायकांनी सारे काही निर्भीडपणे केले असेही नाही. त्याच सभांत श्रोत्यांचे चेहरे पडद्यावर दाखवायचे नाहीत, अशी अट त्यांनी मान्य केली होती आणि टीव्ही कंपन्या त्यावर रागावल्या होत्या. सभा व्हावी म्हणून यजमान थोडे वाकतोच. प्रश्न किती वाकायचे, हा असतो.

1980 मध्ये मात्र त्या वाकल्या नाहीत. जॉन अँडरसन नावाचे अपक्ष उमेदवार होते. लोकमताच्या चाचण्यांत ज्याला 15 टक्के पाठिंबा त्याला बोलवायचे, असा संघाचा नियम. अँडरसन त्यात बसले. ते असतील तर मी येणार नाही, असे कार्टर म्हणाले, आणि कार्टर तेव्हा राष्ट्राध्यक्ष! तरी 21 सप्टेंबरला बाल्टिमोरला सभा झाली, रेगन आणि अँडरसन यांची, राष्ट्राध्यक्षांवाचून. पुढे अँडरसन यांचा पाठिंबा घटला, तेव्हा 28 ऑक्टोबरला क्लीव्हलंडला रेगन आणि कार्टर अशी जोडी उभी राहिली.

मग दोन्ही पक्ष हुशार झाले. 1984 साली प्रश्न विचारणाऱ्या पत्रकारांची नावे त्यांनी इतकी नाकारली की, पहिल्या सभेसाठी सुमारे शंभर नावांतून अवघी तीन उरली. संघाच्या अध्यक्षांनी हे चारचौघांत बोलून दाखवले. आणि 1988 मध्ये, बुश आणि डुकाकिस यांच्या वेळी, दोन्ही पक्षांच्या माणसांनी बंद दाराआड बसून 16 पानांचा करार केला आणि तो संघापुढे ठेवला. त्यात फेरफार करायला वाव नव्हता. प्रश्न विचारणारे कोण, श्रोते कोण, बातमीदारांना आत कितपत येऊ द्यायचे, सारे त्यांनीच ठरवलेले. यजमानाने फक्त पाटी लावायची.

3 ऑक्टोबर 1988 रोजी संघाच्या अध्यक्षा नॅन्सी न्यूमन यांनी जाहीर केले की, ही मतदारांची फसवणूक ठरेल आणि संघ तिला हातभार लावणार नाही. ज्या सभेतून अंग काढून घेतले, तिला दहा दिवस उरले होते. त्या दहा दिवसांची मला विशेष जाणीव आहे, कारण माझ्या हाती एक रात्र होती आणि मी तीही वापरली नाही.

आता पुढचे ऐका. ते लपवून ठेवले तर मी पुन्हा आठ प्रश्नच वाचल्यासारखे होईल. संघ बाजूला झाला म्हणून सभा अडली नाही. 13 ऑक्टोबरला लॉस एंजेलिसला ती ठरल्याप्रमाणे झाली. दोन्ही पक्षांच्या प्रमुखांनी 1987 मध्ये एक आयोग उभा केला होता, त्याने यजमानपण घेतले आणि 2020 पर्यंत ते त्याच्याकडेच राहिले. 2024 मध्ये उमेदवारांनी त्या आयोगालाही वगळले आणि परस्पर टीव्ही कंपन्यांशी ठरवून 27 जून व 10 सप्टेंबरला सभा केल्या. राष्ट्राध्यक्षपदाच्या सभांचे यजमानपण या बायकांकडे परत आले नाही. गावोगावच्या त्यांच्या शाखा मात्र स्थानिक उमेदवारांच्या सभा भरवीत राहिल्या. श्रोते चिठ्ठीवर प्रश्न लिहून देतात आणि ते वाचून दाखवले जातात.

आपण नकार दिला, तर केबलवाले दुसरे सभागृह शोधतील. कदाचित भाड्याचे पैसेही जातील, आणि आपल्या गळक्या पत्र्यांची अवस्था खजिनदारबाईंनी मघाशीच सांगितली आहे. हा तोटा खरा आहे. तो थोडा आहे असे मी म्हणत नाही.

माझा ठराव मी लेखी दिला आहे. सभा जरूर घ्यावी. प्रश्न गावातल्या बायकांकडून आठ दिवस आधी चिठ्ठ्यांवर मागवावेत, आणि त्या चिठ्ठ्या सभेपर्यंत मंडळाच्या कपाटात कुलपात राहाव्यात. कोणा उमेदवाराकडून प्रश्न आलेच, तर कॅमेरा सुरू झाल्यावर आधी तसे सांगावे. एखादा उमेदवार आला नाही, तर त्याची खुर्ची रिकामी ठेवून सभा चालवावी. सभा चालवायला मात्र या खेपेस माझे नाव नको. मी चिठ्ठ्या गोळा करीन आणि पहिली चिठ्ठी मंडईतून आणीन.

ठरावाला अनुमोदन हवे आहे. आहे का कोणी?