मिटू न शकणारे डोळे
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकातील जाणकार नव्हे. तरीही बाहेर मांडलेल्या नेत्रदानाच्या टेबलाकडे आपण वळण्यापूर्वी एक अनुभव आपल्यापुढे ठेवावा असे वाटते.

कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ आपल्या नेऱ्यातच आहे. हिवाळ्यात तेथे चादरी पोहोचविण्याचा आमच्या दुकानाचा रिवाज जुना. परंतु कबूल केले पाहिजे की, पुष्कळ वर्षे मी गठ्ठा फाटकाशी उतरवून मागे फिरत असे. एका वर्षी आत गेलो. दुपारची वेळ होती. एक वृद्ध गृहस्थ खाटेवर पडले होते, डोळे अर्धे उघडे. जागे आहेत असे समजून मी नमस्कार केला, तर ते घोरत होते! त्यांच्या एका डोळ्यात पांढरे फूल पडलेले होते.

पुढे एका परिचित नेत्रतज्ज्ञांकडून कारण समजले. कुष्ठरोगात चेहऱ्याचे मज्जातंतू दुखावतात आणि पापणी मिटविणारा स्नायू लुळा पडतो. बुबुळावरील पारदर्शक पडद्याची, म्हणजे पारपटलाची, संवेदनाही पुष्कळदा जाते; कण गेला तरी खुपत नाही. हा पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा, त्यात रक्तवाहिनी नाही. आणि डोळ्यात शिरणारा प्रकाश वळविण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम त्याचेच. पापणीच्या उघडझापीने त्यावर अश्रूंचा थर पसरतो. तो थर नसला की पृष्ठभाग सुकतो, जखम चिघळते, भरताना व्रण राहतो आणि नजर धूसर होते. बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात, संसर्गाचे भय राहत नाही; परंतु फार काळ दुखावलेला मज्जातंतू सहसा पूर्ववत होत नाही. ज्यांच्या बोटांना स्पर्श कळत नाही, त्यांची दृष्टी गेल्यावर चाचपडण्याचाही आधार राहत नाही, हे माझ्या तर ध्यानातच आले नव्हते.

मी उत्साहाने म्हणालो, “डॉक्टरसाहेब, आमच्या समाजात नेत्रदान करणारे पुष्कळ आहेत. पारपटल बदलून टाका.” ते म्हणाले, “शेठ, पापणी मिटत नाही तोवर नवेही तसेच सुकेल.” कोऱ्या कापडाची खळ काढल्यावाचून रंग धरत नाही, हे जन्मभर पाहणाऱ्या मला ही गोष्ट सांगावी लागली!

म्हणून आधी शस्त्रक्रिया पापणीची. कधी पापण्यांची बाहेरील कड काही अंतर शिवून फट लहान करतात. दुसरी शस्त्रक्रिया मला विलक्षण वाटली. कानशिलावरील, चावण्याच्या कामी येणाऱ्या स्नायूची पट्टी पापण्यांपर्यंत नेतात; मग रुग्णाने दात आवळले की डोळा मिटतो. त्यासाठी दिवसभर थोड्याथोड्या वेळाने दात आवळण्याची सवय लावून घ्यावी लागते. जेवताना घासागणिक पापणी हलते.

त्यानंतर प्रत्यारोपणाचा विचार. ते तंत्र शंभराहून अधिक वर्षांचे आहे. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातील ओलोमोउत्स येथे डॉ. एदुआर्द झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर ते केले. दोहोंपैकी एकच डोळा टिकला. मिळालेले पारपटल उत्तम असूनही ज्या डोळ्यात ते बसवायचे त्याची तयारी पाहावी लागते, ती आजही.

आपण औषधदानाची थोरवी ऐकतो. माझी विश्वस्त मंडळाला विनंती आहे की, सुवर्णमहोत्सवी वैद्यकीय निधीतील काही भाग पापण्यांच्या शस्त्रक्रियांसाठी आणि डोळे ओले ठेवणाऱ्या थेंबांसाठी राखून ठेवावा. नेत्रदानाच्या मानाने हे काम दिसत नाही, त्याचा फोटोही निघत नाही.

नेत्रदानाचे अर्ज अवश्य भरावेत. चष्मा असलेल्यांनी आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनीही भरावेत. मात्र घरी मुलांना आणि सुनांना आजच सांगून ठेवावे. कारण नेत्रपेढीला त्यांनीच कळवायचे असते आणि मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा. अर्जांचे टेबल जिन्याशेजारी आहे.

जय जिनेंद्र.