‘ढ’ विद्यार्थी

मराठी शाळेंत मंद समजल्या गेलेल्या मुलासाठीं एक सबंध शब्दही खर्च होत नाहीं; एक अक्षर पुरतें. त्या मुलाला ‘ढ’ म्हणतात. ह्या नांवाची उपपत्तिही मोठी मासलेवाईक सांगतात. ब्राह्मी लिपीपासून नागरीपर्यंत येतां येतां बाकीचीं अक्षरें ओळखूं येऊं नयेत इतकीं पालटलीं, पण ‘ढ’ होता तसाच राहिला. म्हणून, कितीही शिकविलें तरी ज्याच्यांत पालट होत नाहीं, तो ‘ढ’. ही उपपत्ति खरी असो वा नसो, तिच्या मुळाशीं असलेली समजूत मात्र स्पष्ट दिसते. बुद्धि ही एकच वस्तु आहे, ती जन्मतः कोणाला शेरभर तर कोणाला छटाकभर मिळते, आणि शाळा हा ती तोलण्याचा तराजू आहे, अशी ती समजूत. तिच्यापायीं कित्येक मुलें सातव्या-आठव्या वर्षींच स्वतःविषयीं निराश होतात. ती कितपत टिकते, हें पाहण्यास एका परक्या मुलाची हकीकत उपयोगी पडेल.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफोर्ड नांवाचें एक गांव आहे. तेथील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन ह्यांचें एक छोटेंसें टिपण १८९६ च्या नोव्हेंबर महिन्यांत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. त्यांत पर्सी नांवाच्या १४ वर्षांच्या मुलाचें वर्णन आहे. मुलगा बांध्यानें चांगला, खेळांत चपळ, बोलण्यांत तरतरीत, आईबाप सुबुद्ध. वयाच्या ७ व्या वर्षापासून शाळेंत आणि खासगी शिक्षकांकडे त्याच्यावर अतोनात मेहनत घेतली गेली होती. तरीही लहान लहान शब्द तो अक्षराला अक्षर जुळवून मोठ्या कष्टानें वाची. स्वतःचें नांव लिहितांना त्यानें दोन अक्षरांची अदलाबदल केली, आणि ती चूक एकापेक्षां अधिक वेळां दाखविल्यावरच त्याच्या ध्यानांत आली. डॉक्टरांनीं मग त्याच्यापुढें आंकडे मांडले. कोटींच्या घरांतली संख्या त्यानें भरकन् वाचली. ७४९ ला ८६७ नें गुणावयास सांगितलें, तेव्हां गुणाकार झटपट आणि बिनचूक केला. मात्र चाराला एक-द्वितीयांशानें गुणण्याचें साधें उदाहरण त्याला सुटलें नाहीं. त्याला कित्येक वर्षें शिकविणाऱ्या शिक्षकाचा अभिप्राय असा होता कीं, सगळें शिक्षण तोंडी असतें, तर हा मुलगा शाळेंत सर्वांत हुशार ठरला असता.

ह्या अभिप्रायाचा नीट विचार करण्यासारखा आहे. मुलगा तोच, मेंदु तोच, विषयही तेच. परंतु ज्ञान डोळ्यांवाटे छापील अक्षरांतून आलें, कीं तो वर्गांत शेवटचा. आणि तेंच कानांवाटे आलें, कीं पहिला. तेव्हां त्याची बुद्धि मोजली जात होती असें म्हणण्यापेक्षां एका विशिष्ट वाटेनें चालण्याची त्याची शक्ति मोजली जात होती, असें म्हणणें अधिक रास्त होईल.

त्या काळीं वैद्य ह्या अवस्थेला ‘जन्मजात शब्दांधत्व’ म्हणत. आज रूढ असलेलें ‘डिस्लेक्सिया’ हें नांव स्टुटगार्ट येथील नेत्रवैद्य रुडोल्फ बर्लिन ह्यांनीं १८८७ सालींच वापरलें होतें, पण तें मेंदूच्या विकारानें वाचन गमावून बसलेल्या प्रौढ माणसांसंबंधीं. शब्दांचीं चित्रें सांठविणारा मेंदूंतील भाग पर्सीच्या ठिकाणीं जन्मतःच अपुरा असावा, असा मॉर्गन ह्यांचा तर्क होता. पुढील शंभर वर्षांच्या अभ्यासानें ह्या तर्कांत मोठी दुरुस्ती केली. दोष बहुधा डोळ्यांत नसतो. तो ध्वनि आणि अक्षर ह्यांच्या जोडणींत असतो. बोललेला शब्द कानाला एकसंध ऐकूं येतो. वाचावयास शिकणाऱ्याला तो फोडावा लागतो, त्यांतील ध्वनि सुटे करावे लागतात, आणि प्रत्येक ध्वनि कागदावरच्या खुणेशीं बांधावा लागतो. बहुतेक मुलांच्या मनांत ही गांठ थोड्या सरावानें पक्की बसते. कांहींच्या मनांत ती पुनःपुन्हां सुटते. हा केवळ इंग्रजीच्या विचित्र वर्णलेखनाचा प्रताप आहे, असेंही नव्हे. २००१ सालीं इंग्रज, फ्रेंच आणि इटालियन वाचकांची तुलना प्रसिद्ध झाली. इटालियनचें लेखन उच्चाराला धरून असल्यामुळें ती वाचणाऱ्यांच्या चुका कमी होत्या. परंतु तिन्ही भाषांतील अडखळणाऱ्या वाचकांच्या मेंदूंत वाचतांना एकाच भागाची हालचाल मंदावलेली आढळली.

मराठीचें लेखनही उच्चाराला बरेंच जवळ आहे. म्हणून अशा मराठी मुलाची अडचण पहिल्या इयत्तेंत कदाचित् लपून राहते. धडा पाठ करून तें वेळ निभावून नेतें. पुढें मात्र ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ ह्या सारख्या दिसणाऱ्या जोड्या, उच्चारांत व्यंजनानंतर येऊन लिहितांना त्याच्या आधीं बसणारी ऱ्हस्व वेलांटी, आणि जोडाक्षरांची दाटी ह्या सर्वांशीं एकाच वेळीं झुंजत भराभर वाचण्याची पाळी येते. इतर मुलें पान उलटतात, तेव्हां हें मूल तिसऱ्या ओळीवर असतें. घरची माणसें म्हणतात, “लक्षच नाहीं अभ्यासांत.” वस्तुतः त्या तीन ओळींवर त्यानें इतरांच्या दुप्पट लक्ष वेंचलेलें असतें.

बुद्धि मोजण्याचें शास्त्र तरी अशा मुलांना न्याय देईल, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. आणि त्या शास्त्राचा आरंभ खरोखर त्याच हेतूनें झाला. सक्तीच्या शिक्षणामुळें फ्रान्समध्यें सर्व थरांतील मुलें शाळेंत येऊं लागलीं. त्यांपैकीं वर्गांत मागें पडणाऱ्यांना वेगळी मदत कशी द्यावी, ह्याचा विचार करण्यास सरकारनें १९०४ सालीं एक मंडळ नेमिलें. आल्फ्रेड बीने हे त्या मंडळावर होते. शिक्षकाच्या मर्जीवर मुलाचें भवितव्य अवलंबूं नये, म्हणून त्यांनीं तेओदोर सिमों ह्या सहकाऱ्याच्या साहाय्यानें १९०५ सालीं तीस कसोट्यांची एक मालिका सिद्ध केली, आणि १९०८ सालीं तींत वयोमानाप्रमाणें सुधारणा केली. ह्या कसोट्या म्हणजे मुलाच्या कपाळावर मारावयाचा शिक्का आहे, असें बीने ह्यांना कधींच वाटलें नाहीं. बुद्धि ही कायमची ठरलेली असते, असें मानणाऱ्यांवर त्यांनीं १९०९ च्या आपल्या ग्रंथांत कडक टीका केली, आणि लक्ष, स्मृति व विवेक ह्यांना व्यायाम देणाऱ्या पाठांचा पुरस्कार केला. १९११ सालीं ते वारले. त्यांच्या मागून जर्मनींत विल्यम स्टर्न ह्यांनीं १९१२ सालीं मानसिक वयाला खऱ्या वयानें भागण्याची रीत सुचविली. अमेरिकेंत लुइस टर्मन ह्यांनीं १९१६ सालीं त्या भागाकाराला शंभरानें गुणून तो रूढ केला. मदतीचें साधन अशा प्रकारें एका आंकड्यांत येऊन बसलें. महाराष्ट्र व कर्नाटक ह्या भागांत डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांनीं बीने ह्यांच्या कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठीं परिश्रमपूर्वक बसविल्या. त्यांचा ह्या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९४० सालीं निघाला.

एक आंकडा पुरेसा आहे काय, हा वाद त्या वेळेपासून चालू आहे. चार्ल्स स्पिअरमन ह्यांनीं १९०४ सालीं असें दाखविलें कीं, एका विषयांत पुढें असणारीं मुलें साधारणतः इतर विषयांतही पुढें असतात. तेव्हां सर्वांच्या मुळाशीं एक सामान्य बुद्धि असली पाहिजे. लुइस थर्स्टन ह्यांनीं १९३८ सालीं ह्या एका बुद्धीच्या जागीं शब्दज्ञान, संख्या, आकृतिबोध, स्मृति, तर्क अशा सात शक्ति मांडल्या. हॉवर्ड गार्डनर ह्यांनीं १९८३ सालीं संगीत, शरीराचें कौशल्य, दुसऱ्याचें मन ओळखणें ह्यांनाही बुद्धीचा मान दिला. गार्डनर ह्यांचें मत शिक्षकांना फार प्रिय झालें, तथापि कसोट्यांच्या आधारें तें सिद्ध झालें आहे, असें बहुतेक मानसशास्त्रज्ञ मानीत नाहींत. निरनिराळ्या शक्ति एकमेकींशीं थोड्याफार संलग्न असतात, ही स्पिअरमन ह्यांची गोष्ट खरी. आणि एकाच माणसांत त्या विषम प्रमाणांत असूं शकतात, ही दुसऱ्या पक्षाची गोष्टही तितकीच खरी.

ही विषमता किती थोर असूं शकते, ह्याचें भारतीय उदाहरण सुविख्यात आहे. श्रीनिवास रामानुजन् ह्यांना १९०४ सालीं कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजांत शिष्यवृत्ति मिळाली. गणितावांचून दुसऱ्या विषयांकडे त्यांनीं पाहिलें नाहीं, इंग्रजींत ते नापास झाले, आणि शिष्यवृत्ति गेली. पुढें मद्रासच्या पच्चयप्पा कॉलेजांतून ते एफ्. ए. च्या परीक्षेस बसले, आणि तेथेंही त्यांस यश आलें नाहीं. १९१२ सालीं ते मद्रासच्या पोर्ट ट्रस्टच्या कचेरींत कारकून होते; १९१८ सालीं ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. ह्यावरून प्रत्येक नापास मुलगा रामानुजन् असतो, असें कोणी समजूं नये. बहुसंख्य मुलें साधीं असतात, तशींच वाचनांत अडखळणारीं मुलेंही साधींच असतात. आणि साध्या मुलालाही न्यायानें वागविलें जाण्याचा हक्क असतो, त्यासाठीं त्यानें अलौकिक असण्याचें कारण नाहीं.

येथेंच सुशिक्षित घरांतील एक गोड चूक सांगितली पाहिजे. पूर्वीचे लोक अशा मुलाला ‘ढ’ म्हणून सोडून देत. आजचे पालक म्हणतात, “ह्याची बुद्धि वेगळी आहे, चित्रें छान काढतो, वाचनाचा आग्रह कशाला?” शब्द मवाळ झाले, पण परिणाम तोच, दोन्ही ठिकाणीं मुलाला वाचावयास शिकविणें थांबतें. हा डोळ्यांनीं शिकणारा, तो कानांनीं शिकणारा, अशी वर्गवारी करून त्याबरहुकूम शिकविल्यानें अधिक लाभ होतो, ह्याला प्रयोगांचा भक्कम आधार मिळालेला नाहीं. चित्रकलेला जरूर उत्तेजन द्यावें. पण औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, रेल्वेचें वेळापत्रक आणि बँकेचा कागद चित्रकारालाही वाचावा लागतो. वाट बदलावी, मुक्काम बदलूं नये.

ती वाट आतां पुष्कळ माहितीची झाली आहे. अमेरिकेंतील मज्जावैद्य सॅम्युएल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम ह्यांनीं गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत जी पद्धति घालून दिली, तिचें सार असें: अक्षर पाहावें, त्याचा ध्वनि मोठ्यानें उच्चारावा, तो कानांनीं ऐकावा, आणि त्याच वेळीं बोटानें तें गिरवावें, एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरीवर जाऊं नये. जुन्या पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर बोटानें अक्षर काढीत तोंडानें तें घोकीत असत, त्याची येथें आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. मात्र त्या शाळेंत छडी होती, आणि ह्या पद्धतींत तिला जागा नाहीं. रोज वीस-पंचवीस मिनिटें, नेमानें, न रागावतां, महिनोन्‌महिने, असें हें काम आहे. वाचन अगदीं सहज कदाचित् होणार नाहीं, पण तें पुष्कळ सुधारतें. आणि जितक्या लवकर आरंभ करावा, तितकें चांगलें.

आरंभीं काय पाहावें? प्रथम मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्यावे. नंतर तें ज्या भाषेंत शिकतें ती भाषा त्याला बोलतां येते कीं नाहीं, हें पाहावें. घरांत मराठी आणि शाळेंत इंग्रजी, अशा स्थितींत भाषेचें अज्ञान आणि वाचनाचा दोष ह्यांची गल्लत सहज होते. त्यानंतर पर्सीच्या शिक्षकाच्या अभिप्रायाची कसोटी लावावी. मुलाला न येणारा धडा त्याच्या आईनें किंवा वडिलांनीं मोठ्यानें वाचून दाखवावा, आणि त्यावर तोंडी प्रश्न विचारावे. ऐकून सगळें समजतें आणि वाचून समजत नाहीं, असें दिसलें, तर रागावण्याचें कारण संपलें, आणि तज्ज्ञाकडे जाण्याचें कारण सुरू झालें.

कायद्यानेंही ही अडचण आतां मान्य केली आहे. महाराष्ट्र सरकारनें १९९६ सालीं अशा विद्यार्थ्यांना परीक्षेंत सवलती देण्याचा निर्णय केला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयींच्या २०१६ च्या केंद्रीय कायद्यांत अध्ययन-अक्षमतेचा स्पष्ट समावेश झाला. रीतसर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाल्यास उत्तरें लिहिण्यास अधिक वेळ, लेखनिक, इत्यादि सोयी मिळूं शकतात. ह्या सवलती घेण्यास पालक कचरतात. मुलाला नांव पडेल, अशी त्यांस भीति वाटते. परंतु नांव त्याला वर्गानें केव्हांच ठेवलेलें असतें. अधू डोळ्यांच्या मुलाला चष्मा देतांना कोणी त्याला लाज वाटावयास लावीत नाहीं, किंवा चष्मा लावून मिळविलेले गुण कमी प्रतीचे समजत नाहीं.

शिक्षकांकडूनही फार मोठ्या गोष्टींची अपेक्षा नाहीं. अडखळणाऱ्या मुलाला चाळीस जणांसमोर उभें करून वाचावयास लावूं नये. इतिहासाच्या उत्तरांत शुद्धलेखनाचे गुण कापूं नयेत. आठवड्यांतून एखादा प्रश्न तोंडी विचारावा, आणि उत्तर बरोबर आलें तर तें सर्वांच्या देखत बरोबर म्हणावें. शाळेंतून परतलेलें मूल ‘मला येत नाहीं’ असें म्हणतें, तेव्हां त्याला कोणत्या वाटेनें येत नाहीं, हें विचारणारें एक तरी माणूस घरांत आणि एक शाळेंत असावें. एवढें झालें, तरी पुष्कळ मुलांचीं पुढचीं दहा वर्षें निराळीं जातील.