दोन कॅमेऱ्यांपुढची साक्ष

बीड जिल्ह्यांतून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांविषयीं शहरांतील सुशिक्षित घरांत जी माहिती असते, ती पुष्कळ अंशीं मुलाखतींवरून आलेली असते. कोपीच्या दाराशीं बसलेली एखादी स्त्री दोन-तीन मिनिटें पडद्यावर बोलते आणि नाहींशी होते. २०१९ सालीं अशा मुलाखतींना विशेष महत्त्व आलें. त्या वर्षीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठीं राज्य शासनानें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. पाहणींतील ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागें जवळजवळ एक. आकडा एवढेंच सांगूं शकतो. त्यापुढचें सांगावयाचें तें त्या स्त्रीनेंच. परंतु तिचें सांगणें प्रेक्षकांपर्यंत पोंचतें तें कोणाच्या तरी हातून कापलें-सांधलें जाऊन. हें काम आज स्टुडिओंतच होतें असें नाहीं. कॉलेजांतला एखादा विद्यार्थी बीडच्या किंवा पुण्याच्या खोलींत बसून, विनामूल्य मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तें करीत असतो; आणि त्याच्या हातांत जें येतें तें एका कॅमेऱ्याचें चित्रण नसून बहुधा दोन-तीन कॅमेऱ्यांचें असतें.

एका माणसाला दोन कॅमेरे कशाला, अशी शंका कोणासही येईल. नाटकांतला प्रवेश पुन्हा करून घेतां येतो; साक्ष पुन्हा घेतां येत नाहीं. दुसऱ्यांदा सांगितलेलें दुःख पाठ केलेल्या धड्यासारखें होऊं लागतें. म्हणून एक कॅमेरा चेहऱ्यावर ठेवावयाचा आणि दुसरा थोड्या बाजूनें, हात, पदर, मागची कोपी दिसेल असा. कल्पना नवीन नव्हे. १९५१ सालीं अमेरिकेंत ‘आय लव्ह लूसी’ ही विनोदी मालिका तीन फिल्म-कॅमेऱ्यांनीं एकाच वेळीं टिपली गेली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. दूरदर्शनच्या स्टुडिओंतील मुलाखतींत कोणत्या कॅमेऱ्याचें चित्र प्रेक्षकाला दाखवावयाचें हें निर्माता बटणें दाबून त्याच क्षणीं ठरवीत असे. घरीं काम करणारा तेंच मागाहून, सावकाश ठरवितो. त्याला सवड आहे, आणि सवडीबरोबर मोहही आहे.

पहिलें काम दोन्ही चित्रणें एका काळावर आणण्याचें. मुलाखतीच्या आरंभीं सर्व कॅमेरे सुरू करून कोणी एकानें एकच खणखणीत टाळी वाजवावी; संगणकावर ध्वनीच्या नागमोडी रेषेंत त्या टाळीचा सुळका उभा दिसतो, आणि दोन्ही सुळके एकाखालीं एक आणले कीं ओठ आणि शब्द जुळतात. सेकंदाला २५ चित्रें धरलीं तर एका चित्राचा काळ सेकंदाचा पंचविसावा भाग होतो, आणि दोन-तीन चित्रांची चूकही डोळ्याला खटकूं लागते. आवाज सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. तेव्हां तेरा-चौदा मीटर दूर ठेवलेल्या कॅमेऱ्याला शब्द एक चित्र उशिरां ऐकूं येतो. कोपीपुढच्या अंगणांत एवढें अंतर पडत नाहीं, सभेच्या मैदानावर पडतें. टाळी विसरली तरी हरकत नाहीं. तोच आवाज दोन्ही कॅमेऱ्यांनीं ऐकलेला असल्यामुळें सॉफ्टवेअर त्यांचा मेळ बहुधा स्वतःच घालतें. मात्र दोन यंत्रांचीं घड्याळें अगदीं सारख्या गतीनें चालत नाहींत. आरंभीं बिनचूक जुळलेली मुलाखत तासाभरानें कांहीं चित्रांनीं सरकलेली असते, म्हणून शेवटींही एक टाळी घेतलेली बरी. मोबाइल फोनचें चित्रण याहून लहरी. प्रकाश कमी-अधिक झाला कीं त्याचा वेगही बदलूं शकतो, आणि जुळवणीपूर्वीं तें ठराविक वेगांत उतरवून घ्यावें लागतें.

साधनांची उणीव आतां फारशी राहिलेली नाहीं. घरोघरीं वापरला जाणारा मूव्ही मेकर चित्रांचा एकच पट्टा देत असे, आणि जानेवारी २०१७ मध्यें तो बंदही झाला. केडेनलाइव्ह पूर्णपणें मोफत आहे, डाविंची रिझॉल्व्हची एक आवृत्ति फुकट मिळते, आणि दोहोंत अनेक कॅमेऱ्यांचीं चित्रें शेजारीं-शेजारीं मांडून, मुलाखत चालू असतांनाच हवें तें निवडतां येतें. निवड करण्यापूर्वीं आवाज ठरवावा हें उत्तम. बोलणाऱ्या स्त्रीच्या पदराला लावलेल्या लहान मायक्रोफोनचा एक आवाज सबंध मुलाखतभर खालीं अंथरावा आणि चित्रें त्यावर बदलावींत. कॅमेरा बदलतांना आवाजही बदलला, तर ऐकणाऱ्याला ती स्त्री क्षणांत जवळ आणि क्षणांत विहिरींत गेल्यासारखी वाटते. कॅमेरे मांडतांनाही पथ्य आहे: प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारी यांच्यामध्यें एक रेषा कल्पून दोन्ही कॅमेरे तिच्या एकाच अंगाला ठेवावे, नाहींतर एका चित्रांत ती डावीकडे पाहते आणि दुसऱ्यांत उजवीकडे, आणि ती कोणाशीं बोलत आहे हेंच कळेनासें होतें.

आतां त्या मोहाविषयीं. एकाच कॅमेऱ्याच्या चित्रणांतून मधलें एक वाक्य काढलें तर मान एकदम हलते, पदर जागा बदलतो. प्रेक्षकाला कळतें कीं येथें कांहीं गळलें आहे. दोन कॅमेरे असले म्हणजे ती फट झांकतां येते. वाक्य काढावयाचें, चेहऱ्यावरून हातांवर जावयाचें, आणि सांधा दिसत नाहीं. समजा, एखादी बाई म्हणाली, “डॉक्टर म्हणला म्हणून पिशवी काढली.” मग ती गप्प राहिली, दूर कोठें ट्रॅक्टर गेला, आणि ती पुढें म्हणाली, “खाडा बी परवडत नव्हता.” दुसरें वाक्य गाळलें तर सगळा दोष डॉक्टरावर जातो, पहिलें गाळलें तर खाड्याचा दंड कापणाऱ्या मुकादमावर, आणि दोहोंमधली शांतता गाळली तर दोन्ही वाक्यें एका दमांत म्हटलेल्या तक्रारीसारखीं ऐकूं येतात. त्या शांततेंत तिनें काय तोललें हें कोणास सांगतां येणार नाहीं, परंतु तिनें तोललें एवढें तरी दिसलें पाहिजे. लांबी कमी करणें भागच असतें, तासाची मुलाखत दहा मिनिटांवर आणावयाचीच असते. ती प्रश्नासहित अख्खें उत्तर उचलून कमी करावी. एका उत्तराच्या पोटांत सुरी घालूं नये. आणि घालावीच लागली तर क्षणभर पडदा काळा करावा. तो दिसावयाला बरा नसतो, पण खोटा नसतो.

दुसऱ्या कॅमेऱ्याचा एक उपयोग मात्र निःसंशय मोलाचा आहे. पुढच्या हंगामांत त्याच मुकादमाची उचल घ्यावयाची असते. अशा स्त्रीला नांव-चेहरा द्यावयाचा नसेल तर हात, पायांतलीं जोडवीं, चुलीचा धूर एवढ्यावर सबंध मुलाखत उभी राहूं शकते. चेहऱ्यावर चौकडी पुसट करून दाखविण्यापेक्षां हें अधिक सभ्य दिसतें. परंतु आवाज ओळखूं येतो, हातावरचें गोंदण तर चेहऱ्याइतकेंच बोलकें असतें. तेव्हां तीं चित्रें तपासूनच घ्यावीं लागतात.

मूळ चित्रण पुसून टाकण्याची घाई पुष्कळांना असते, कारण तें जागा फार अडवितें. येथें बीड जिल्ह्यांतलेंच एक उदाहरण आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. १९९६ सालीं माजलगावच्या भीमनगरांतील स्त्रियांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या त्यांच्यासाठीं गायिल्या. तें ध्वनिमुद्रण जपलें गेलें, म्हणूनच सुमारें दोन दशकांनीं पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या मंडळींना कॅमेरा घेऊन त्या गायिकांकडे जातां आलें आणि जुना आवाज नव्या श्रोत्यांपुढें ठेवतां आला. मुलाखतीचेंही तसेंच. सर्व कॅमेऱ्यांचें अखंड चित्रण, अनेक कॅमेरे ४ जीबी होतांच तोडून ठेवतात ते सगळे तुकडे, आणि त्यांच्यासह स्वतंत्र ध्वनि, अशा दोन प्रती दोन वेगळ्या घरीं ठेवाव्या. आणि तयार झालेली दहा मिनिटें त्या स्त्रीला तिच्या घरीं जाऊन दाखवावीं, तेंही टोळी निघण्यापूर्वीं. ट्रक एकदां गेला कीं गाळप संपेपर्यंत ती गांवीं भेटत नाहीं.