भूक, गुन्हा आणि ‘फकिरा’



१८५६च्या दुष्काळात सोनाखानच्या वीर नारायणसिंहांनी व्यापाऱ्याचे कोठार फोडून धान्य भुकेल्यांना वाटले. १० डिसेंबर १८५७ रोजी याच रायपुरात त्यांना फाशी झाली. अशीच कथा अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९च्या ‘फकिरा’ कादंबरीत आहे. तिचा नायक वाटेगावात खरोखर होऊन गेला. बालपणीच पितृछत्र हरपलेला हा मातंग मुलगा मोठा होतो आणि उपाशी वस्तीसाठी दरोडा घालतो. गुन्हेगार जमाती कायद्याच्या लेखी जन्म हाच अपराध होता. कादंबरी मात्र अपराधामागील भूक दाखवते. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या लेखकाने हे लिहिले. आपणांस शाळा लाभली आहे. कोणाला दोषी म्हणण्यापूर्वी त्याच्या घरी चूल पेटली होती का, एवढे अवश्य विचारावे.