धनी नव्हे, कारभारी

'कारभारी' हा आपल्या बोलीतला घरगुती शब्द. खेड्यातली बाई नवऱ्याला कारभारी म्हणते. पेशवाईत बारभाईंचा कारभार होता, संस्थानांतही कारभारी असत. मराठी बायबलमध्येही हाच शब्द आहे. येशू ख्रिस्ताच्या दाखल्यांमध्ये धनी परगावी जातो, घरदार आणि पैसा चाकरांच्या हवाली करतो आणि परत आला की हिशेब मागतो. करिंथ गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात संत पौल स्वतःला आणि आपल्या सोबत्यांना कारभारीच म्हणवतो. कारभाऱ्याकडून तो एकच अपेक्षा करतो, की तो विश्वासू ठरावा. वक्तृत्व, विद्वत्ता, मोठे घराणे, यातले काहीच तो तिथे मागत नाही.

ख्रिस्ती पुढारीपणाची कल्पना या शब्दात सामावली आहे. पाळक असो, शाळेचा प्रमुख असो की इस्पितळाचा, त्याच्या हाती जे आहे ते त्याचे नाही. ऐकायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात किती कठीण, हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते.

रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये त्यांच्या कार्याला मदत करण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्याने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे मान्य केले. शाळा विधवांसाठी असावी आणि कोणावरही धर्माची सक्ती नसावी, असे ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, या इथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी.

मग १८९३ मध्ये वादळ उठले. रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसतात, हे कळल्यावर पुण्यात गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे होते, की मी कोणावर सक्ती केली नाही; माझ्या खोलीचे दार उघडे असते इतकेच. सल्लागारांचे म्हणणे होते, की लोकांनी मुली सोपवल्या त्या धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या शब्दावर. दोन्ही बाजू आजही समजून घेण्यासारख्या आहेत. मला त्यात कारभाऱ्याचा खरा पेच दिसतो. देवाशी इमान राखायचे आणि ज्यांनी आपल्यावर भरवसा टाकला त्यांच्याशीही. स्वतःच्या श्रद्धेची खात्री आहे म्हणून दिलेल्या शब्दातून सुटका होत नाही.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. पण ती शारदा सदनापासून वेगळी ठेवली गेली. ज्यांनी धर्मनिरपेक्ष शाळेसाठी पैसा दिला, त्यांची शाळा निराळी. ख्रिस्ती कामाचे घर निराळे. दहा वर्षांची मुदत भरल्यावर १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि देणगीदारांपुढे कामाचा वृत्तांत मांडला. सात समुद्रांपलीकडच्या लोकांना केडगावात कोण काय करते हे रोज दिसणार नव्हते. जिथे कोणी बघत नाही तिथला हिशेबच विश्वासूपणाची कसोटी असतो.

मी काही वर्षे आमच्या मंडळीचा खजिनदार होतो. रविवारचे दान दोघांनी मिळून मोजायचे, दोघांनी सह्या करायच्या आणि पुढच्या रविवारी आकडा सर्वांसमोर वाचायचा, असा आमच्याकडे रिवाज होता. एकदा एका तरुणाने विचारले, "काका, आमच्यावर विश्वास नाही का?" मी म्हटले, "बाबा, विश्वास आहे, तो टिकावा म्हणूनच दोन सह्या." एकट्याने मोजणारा माणूस प्रामाणिक असला, तरी संशय आला की त्याच्याजवळ साक्षीदार नसतो.

हे आज सांगण्याचे कारण आहे. जुन्या मिशनांनी शहरांच्या कडेला घेतलेल्या जागा आता भरवस्तीत आल्या आहेत आणि त्यांच्या किमती डोळे दिपवणाऱ्या आहेत. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा सांगतो, की विश्वस्त संस्थेचे हिशेब तपासून घ्यावेत आणि धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय तिची जमीन विकू नये. पण कायदा दारापर्यंतच पोचतो. आत बसलेल्याने 'ही जागा आम्ही सांभाळली, म्हणजे आमचीच' असे एकदा मनात म्हटले, की पुढच्या वाटा आपोआप सापडतात. हे फक्त चर्चचे दुखणे नाही. देवस्थान, शिक्षण संस्था, सहकारी सोसायटी, जिथे खुर्ची आहे तिथे हा मोह आहे.

कारभाऱ्याची आणखी एक परीक्षा शेवटी असते. रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमाबाई आईच्या कामात खांद्याला खांदा लावून उभी होती. पुढे सारे तीच पाहील अशी अपेक्षा होती. १९२१ मध्ये ती गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. वारस उरला नाही, तरी घर उरले. मुक्ती मिशनचे काम आजही केडगावात चालते. ते कुणाच्या वतनासारखे उभारलेले असते, तर त्या दोन मृत्यूंबरोबरच संपले असते.

तेव्हा कोणी पुढारी म्हणून समोर आला, तर त्याने किती इमारती बांधल्या हे नंतर विचारावे. आधी विचारावे, की किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देताना याचा हात थरथरेल का? आणि वही उघडून दाखवा म्हटले, तर याला राग येईल का? जो स्वतःला कारभारी समजतो, त्याला यातले काहीच जड जात नाही. कारण धनी परत येणार आहे, हे त्याने पहिल्या दिवसापासून धरलेले असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)