व्यायामाचें संशोधन आणि अनुदानाचा अर्ज



व्यायाम चांगला, हें सांगण्यासाठीं मी आज आपल्यापुढें आलेलों नाहीं. तें आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलेलें आहे. आणि ऐकूनहि पाळलेलें नाहीं, हेंहि आपणांस ठाऊक आहे. आजचा विषय त्याच्या एक पाऊल पुढचा आहे. कोणता व्यायाम, कोणास, किती प्रमाणांत आणि कोणता लाभ देतो, हें नुसतें मानण्याऐवजीं तपासून पाहावें असें ज्यांस वाटतें, त्यांनीं त्यासाठीं लागणारा पैसा कसा मागावा, याविषयीं मी बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु आपल्या घरांतून आज पुष्कळ शिक्षक, डॉक्टर आणि शारीरिक शिक्षणाचे पदवीधर बाहेर पडत आहेत. त्यांपैकीं एकाच्या तरी टेबलावर असा अर्धा लिहिलेला अर्ज पडलेला असेल. हें भाषण त्याच्यासाठीं आहे. ज्यांचीं मुलें शाळेंत जातात अशा आईबापांसाठींहि तें आहे. तें कसें, हें पुढें येईलच.

कांहीं वर्षांपूर्वीं मीं असा पहिला अर्ज केला. तो बारा पानांचा होता. सूर्यनमस्काराचें महत्त्व, आपल्या परंपरेंतील त्याचें स्थान, आजच्या मुलींचें बैठें जीवन, आणि शेवटीं पांच शाळांत सूर्यनमस्काराचे वर्ग चालविण्याचा खर्च. भाषा मीं फार जपून योजली होती. तीन महिन्यांनीं नकार आला. परीक्षकांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, अर्जदारास उत्तर आधींच ठाऊक आहे. मग संशोधन कशाचें? मला राग आला. तो ओसरल्यावर मीं अर्ज पुन्हा वाचला, आणि त्यांचें म्हणणें मला पटलें. मीं प्रश्न विचारलाच नव्हता. प्रचारासाठीं वर्गणी मागितली होती.

येथें कोणी म्हणेल, ज्याची व्यायामावर श्रद्धा आहे त्यानें संशोधन करूंच नये काय? अवश्य करावें. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. योगावरील त्यांची श्रद्धा कोणाहून कमी नव्हती. तरीहि नौलि करतांना पोटाच्या आंतील दाब किती बदलतो, असा साधा आणि मोजतां येण्याजोगा प्रश्न त्यांनीं घेतला; दाबमापक आणि क्ष-किरण यांच्या साहाय्यानें तो तपासला; आणि जें आढळलें तें ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकांतून जगापुढें मांडलें. श्रद्धेनें त्यांस प्रश्न सुचविला, परंतु उत्तर त्यांनीं यंत्रास विचारलें. अर्जाचें मर्म येथेंच आहे.

दुसरें उदाहरण लंडनचें आहे. तेथील दुमजली बसगाड्यांत चालक दिवसभर बसलेला, तर वाहक सारखा जिना चढत-उतरत असलेला. दोघांची नोकरी एकाच ठिकाणची. मग हृदयविकार दोघांस सारखाच होतो काय? जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनीं हा प्रश्न घेऊन वाहतूक-सेवेंतील सुमारें ३१,००० पुरुषांची पाहणी केली. ती १९५३ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. वाहकांस हा विकार कमी होत असल्याचें दिसून आलें. पण खरी शिकवण पुढेंच आहे. १९५६ सालीं त्याच मंडळींनीं गणवेशांचीं मापें तपासलीं, तेव्हां चालकांचा कमरेचा घेर नोकरीच्या आरंभापासूनच वाहकांहून मोठा असल्याचें आढळलें. म्हणजे दोन्ही गट मुळांतच अगदीं सारखे नव्हते. आपल्याच निष्कर्षावर अशी शंका घेण्यास मोठें मन लागतें. अर्ज लिहिणारानें ही शंका पैसे मागण्यापूर्वींच स्वतःवर घ्यावी.

आतां हाच नियम माझ्या अर्जास लावून पाहूं. ‘सूर्यनमस्कारानें मुलींचें आरोग्य सुधारतें काय?’ हा प्रश्न दिसण्यास मोठा, पण हातीं न लागणारा. आरोग्य कशानें मोजावयाचें? त्याऐवजीं असें विचारावें: ‘सातवीच्या मुलींनीं आठवड्यांतून पांच दिवस, सोळा आठवडे, रोज बारा नमस्कार घातले, तर नेहमींच्या कवायतीच्या तासाच्या तुलनेनें त्यांचा दमसास अधिक वाढतो काय?’ आतां कोण, किती, किती काळ, कशाशीं तुलना आणि काय मोजावयाचें, या पांचहि गोष्टी एका वाक्यांत आल्या. कोणत्या मुली कोणत्या गटांत जावयाच्या हें शिक्षकानें ठरवूं नये. चिठ्ठ्या टाकून ठरवावें. नाहींतर उत्साही मुली नमस्काराकडे आणि आळशी मुली कवायतीकडे जातील, आणि लंडनच्या गणवेशांची गोष्ट आपल्या शाळेंत पुन्हा घडेल.

दमसास मोजण्याची एक जुनी रीत १९४३ सालीं हार्वर्ड येथें प्रसिद्ध झाली. ठराविक उंचीच्या बांकावर मिनिटास तीस वेळां, पांच मिनिटेंपर्यंत चढउतार करावयाची, आणि नंतर विसांव्यांत नाडीचे ठोके मोजावयाचे. ठोके जितके लवकर खालीं येतील तितका दमसास चांगला. साधन स्वस्त, एक बांक आणि एक घड्याळ पुरे. परंतु मूळची सुमारें ५१ सेंटिमीटर उंची तरुण पुरुषांसाठीं होती. बारा वर्षांच्या मुलीस तोच बांक देणें हें शास्त्रहि नव्हे आणि दयाहि नव्हे. उंची किती ठेवणार व कां, हें अर्जांत लिहावें लागतें. त्याचप्रमाणें चतुर्थीच्या किंवा श्रावणी सोमवारच्या उपवासाच्या दिवशीं मापें घेणार काय? परीक्षेच्या आठवड्यांत? पावसाळ्यांत मैदान मिळालें नाहीं तर? परीक्षकांस असें वाटलें पाहिजे कीं, हा मनुष्य शाळेच्या मैदानावर उभा राहिलेला आहे.

मुली किती घ्याव्यात, हा प्रश्न संख्याशास्त्रज्ञास अर्जापूर्वीं विचारावा. मापें गोळा झाल्यावर त्याच्याकडे जाणें म्हणजे रोगी गेल्यावर वैद्यास बोलावणें होय. मुली फार थोड्या घेतल्या तर उत्तर मिळत नाहीं आणि पैसा वायां जातो; गरजेहून अधिक घेतल्या तर मुलांना उगाच राबविल्यासारखें होतें. मध्येंच शाळा सोडणाऱ्या व आजारी पडणाऱ्या मुलींची सूट आरंभींच धरावी.

अर्ज कोठें करावा, हेंहि प्रश्नच ठरवितो. शरीरावर काय परिणाम होतो हें पाहावयाचें असेल, तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचें दार आहे. ही संस्था १९११ सालीं ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ या नांवानें स्थापन झाली, आणि १९४९ सालीं तिला आजचें नांव मिळालें. उलट, वयांत येतांच मुली मैदानावर येणें कां सोडतात, हा प्रश्न समाजाचा आहे. त्यासाठीं १९६९ सालीं स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे. एकट्या शिक्षकानें अर्ज करण्यापेक्षां एखादें महाविद्यालय किंवा संशोधनसंस्था यांशीं हात मिळवावा; कारण पैशाचा हिशेब, लेखापरीक्षण आणि उपयोगिता प्रमाणपत्र यांची जबाबदारी संस्थेस घ्यावी लागते. खर्चाच्या तक्त्यांतील प्रत्येक रकमेनें ‘मी प्रश्नाच्या कोणत्या भागासाठीं आहें?’ याचें उत्तर दिलें पाहिजे. मीं पहिल्या अर्जांत व्यायामशाळेच्या नव्या फरशीचा खर्च घातला होता. फरशी हवी होती, यांत शंका नाहीं. पण ती कोणत्याच प्रश्नाचें उत्तर देत नव्हती.

आतां आईबापांविषयीं. माझा दुसरा अर्ज लहान होता. मागितलेली रक्कमहि पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शाची होती. त्यावर एका परीक्षकानें एवढेंच विचारलें कीं, एखादी मुलगी नाहीं म्हणाली तर काय करणार? मी निरुत्तर झालों. इतक्या वर्षांच्या नोकरींत, शिट्टी वाजल्यावर मुली रांगेंत उभ्या राहतातच, हें मीं गृहीत धरलें होतें. मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे सर्वांची संमति, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती. परिषदेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक मार्गदर्शक सूचनांप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलांसाठीं पालकांची संमति तर हवीच. शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि त्याहून मोठ्या मुलांचा लेखी होकार हवा. संस्थेच्या नीति-समितीची मंजुरी मिळाल्यावांचून एकाहि मुलीची नाडी धरतां येत नाहीं. पालकांनीं म्हणूनच कागद न वाचतां सही करूं नये. काय मोजणार, मुलीस त्रास झाला तर कोण पाहणार, तिचें नांव कोठें छापणार काय, आणि मध्येंच थांबतां येईल काय, हे चार प्रश्न अवश्य विचारावे. ज्या संशोधकास हे प्रश्न आवडत नाहींत, त्यास नकार देण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.

आमच्या शाळेंत एका मुलीनें खरोखरच नकार दिला. कारण तिनें सांगितलें नाहीं, आणि आम्हीं विचारलें नाहीं. मापांच्या दिवशीं ती व्हरांड्यांत बसून राहिली; दुसऱ्या खेपेस ती स्वतः होऊन पुढें आली आणि चढउताराचा ताल मोजून देऊं लागली. तिचा नकार तसाच राहिला, आणि तिचें कांहींहि कमी झालें नाहीं. ‘होकार ऐच्छिक आहे’ हें वाक्य मीं अर्जांत लिहिलें होतें. त्याचा अर्थ मला त्या व्हरांड्यांत कळला.

शेवटीं एक गोष्ट. काय मोजणार व कशावरून ठरविणार, याची नोंद आधींच करून ठेवावी. आपल्या देशांत अशा चांचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ सालापासून चालू आहे. उत्तर आपल्या आवडीचें आलें नाहीं, तरी तें तसेंच प्रसिद्ध करावें. तो पैसा लोकांचा आहे. त्यांनीं तो आपणांस जिंकण्यासाठीं दिलेला नाहीं, खरें काय तें कळावें म्हणून दिलेला आहे. ज्याच्या टेबलावर अर्धा अर्ज पडलेला आहे, त्यानें आज रात्रीं त्यांतील पहिलें वाक्य काढून पाहावें. त्याच्या शेवटीं प्रश्नचिन्ह नसेल, तर प्रथम तें शोधावें. पैशाचा आंकडा मागाहून मांडावा.